महेश सहाला घरी कसा?

मंगळवार, संध्याकाळ

कंपनीच्या बसमध्ये घाईत लिहिलं की असं होतं! ॲपवरच्या माझ्या कादंबरीतला महेश सेकंड शिफ्टला, आणि कालच्या भागात मी त्याला संध्याकाळी सहालाच गजरा घेऊन बायकोपुढे उभा केला. माझी कायम जनरल शिफ्ट, लक्षातच आलं नाही. वाचकांनी सकाळपासून धारेवर धरलंय. "ताई, सेकंड शिफ्ट रात्री सुटते. चाकणच्या माणसाला शिकवता का?"

आधी रागच आला. फुकट वाचायचं आणि वर हक्क गाजवायचा! भाग काढूनच टाकणार होते. तेवढ्यात तळेगावच्या सुरेखाताईंची कमेंट आली. 'पुढचा भाग कधी?' म्हणून सतत मागे लागणाऱ्या त्याच. "गजरा ठेवा हो. त्याने कुणाशी तरी शिफ्ट बदलून घेतली असं लिहा."

खाली लगेच एकजण, "महेश भावा, माझ्याशी बदल. मी करतो तुझी सेकंड." मग काय, महेशसाठी रांगच लागली! ही कादंबरी मी एकटी लिहितेय का खरंच?

गजरा राहिला. रांगेतल्या त्या पहिल्याला नाव विचारलं. म्हणाला, "दीपक लिहा. आणि ताई, जमलं तर एखाद्या भागात मलाही सहाला घरी पाठवा."