तळ्याच्या तोंडावरची भिंत

मंगळवार, संध्याकाळ

ग्रामसभेत सगळे हसले, ते डोक्यातून जात नाही. तळ्याचं पाणी अडावं म्हणून गेल्या वर्षी तळ्यातून नदीकडे जाणाऱ्या ओहोळावर भिंत घातली. पाणी राहिलं, मासा गेला. वाडीतल्या बारकीताई जन्मभर त्या तळ्यातल्या मासळीवर जगल्या. आज उठून म्हणाल्या, "मासा पावसात नदीतून वर येतो, तळ्यात अंडी घालतो. तुमी वाटच बुजवली, मंग तो येल कुठून?"

सरपंच म्हणाले, "मासा काय तुमाला सांगून येतो?" आणि हसले सगळे. आता मत्स्यबीज सोडू म्हणे. त्यात आमच्या तळ्यातली शिंगटी मासळी असते का?

सरपंचांपेक्षा माझाच राग जास्त येतोय. भिंतीच्या ठरावावर सदस्य म्हणून माझीही सही आहे. तेव्हा वाडीतल्या मासे धरणाऱ्या एकीलाही का नाही विचारलं मी?

शेवटी सहीसाठी सभेच्या इतिवृत्ताची वही आली. तिच्यात बारकीताईंचं बोलणं नव्हतंच. मी म्हटलं, "ते लिहा, मगच सही करते." ग्रामसेवक कुरकुरले, पण त्यांनी लिहिलं.

बाहेर बारकीताई थांबल्या होत्या. त्यांना सांगितलं.

"लिवलं, बरं झालं," त्या म्हणाल्या. "भिंत कदी फोडताय?"