अव्वाचा हात

गडमुडशिंगी,
१६ नोव्हेंबर २०२४

सौंदर्याक्का,

शरणु शरणार्थी. तू, भावजी आणि पोरं खुशाल असाल. इथं कारखाने सुरू झाल्यापासून उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्ता भरलाय. अव्वाचा गुडघा आता बरा आहे. फोनच केला असता, पण मी फोन कानाला लावला की अव्वा शेजारी येऊन बसते. म्हणून लिहितोय.

माझ्या पायांत आग सुरू झाल्याचं तिनं तुला सांगितलंच असेल. विजेच्या खांबावरून पडल्यापासून कमरेखाली हालचाल नव्हती, जाणीवही अंधुकच. उन्हाळ्यात पाय पेटल्यासारखे व्हायला लागले तेव्हा अव्वा म्हणाली, "जीव परत यायलाय बघ." गल्लीत पेढे वाटले तिनं. मग रोज सकाळी एरंडेल कोमट करून पाय चोळायची. मी कण्हलो की तिला बरं वाटायचं.

अक्का, तो हात मला सोसत नव्हता. नुसती चादर सरकली तरी कातडीवर निखारा फिरवल्यासारखं होतं. तरी गप्प राहिलो. घरात तेवढाच एक आनंद होता.

शेवटी गेल्या आठवड्यात तिला घेऊनच कोल्हापूरला गेलो. डॉ. मनाली म्हणून आहेत, त्यांनी आम्हा मायलेकांसमोर सरळ सांगितलं. मणक्यातल्या मज्जारज्जूला मार बसला तेव्हा रोगाशी लढणाऱ्या पेशी तिथं धावून आल्या. जखम साफ करणं त्यांचं काम. पण काही जणांत त्या नंतरही शांत होत नाहीत. त्यांच्यातून सुटणारी रसायनं नसांना चेतवत राहतात आणि साधा स्पर्शही मेंदूला आग म्हणून कळतो.

"म्हंजे पाय जागं झालं न्हाईत?" अव्वानं विचारलं.

"नाही, आई. पण दुखणं खरं आहे. औषधानं कमी करता येईल. पूर्ण जाईल असं मी म्हणणार नाही."

घरी आल्यावर म्हणाली, "मी चोळत हुते तवा तुला भाजत हुतं व्हय रं?"

मी हो म्हणालो.

"मग सांगायचं न्हाईस?"



आता ती आधी विचारते, "हात लावू?" कधी मी हो म्हणतो, कधी नको. नको म्हटलं की तिथंच बसून राहते, हात मांडीवर ठेवून. गोळ्यांनी झोप लागते. आग थोडी मंदावलीय.

आणखी एक. मी माझ्या पायांनी उंबरा ओलांडीन तेव्हाच निपाणीच्या नव्या घराची वास्तुशांत करायची, असं तू ठरवलंयस. भावजी बोलत नसतील, पण पोरांना भाड्याच्या दोन खोल्यांत ठेवून माझी वाट बघू नकोस. पाय चालणार नाहीत, अक्का. हे लिहायलाच इतक्या ओळी गेल्या.

वास्तुशांतीचा दिवस काढ. दारात फळी टाकून ठेव, मी चाकांच्या खुर्चीवरनं येतो. अव्वाही येईल. तिच्यासमोर पायांचा विषय काढू नकोस, तिला रडायचं असेल तर रडू दे.

नक्की येणारा तुझा धाकटा,
सोमेश