मॅबेलचा आवाज

११ ऑगस्ट, शहादा

मॅबेल ऑर्डवे! कालपासून हेच नाव डोक्यात. मोबाइलवर सहज सापडली — शंभर वर्षांपूर्वीची अमेरिकन नटी. रंगभूमीवर गाजली ती आवाजामुळे. तिची कुजबुजसुद्धा शेवटच्या रांगेत ऐकू जायची म्हणे. आणि सिनेमात गेली, तेव्हा सिनेमे मुके! ओठ हलतात, आवाज नाही.

स्वयंपाकाला येणारी नर्मदाबाई पोळ्या लाटता लाटता डोकावली. "मुकी शे का ती बाई?"

"नाही गं, सिनेमा मुका."

"मंग तिले कसाले लिधं?"

मलाही तोच प्रश्न — मुक्या सिनेमात हिला घेतलं कशाला?

१४ ऑगस्ट

पर्युषणातल्या त्रिशलामातेच्या, म्हणजे महावीरांच्या आईच्या चौदा स्वप्नांच्या नाटकाची बोली झाली. आमच्यात मानाचा लिलाव तुपात बोलतात; मणामणाने तूप वाढत गेलं आणि राजा-राणीचा मान आमच्या बाबूजींना, म्हणजे सासऱ्यांना मिळाला. इथे जोडप्यालाच बसवतात. माझा नवरा, अभिनंदन, गेल्यापासून मी पडद्याआड. संवाद मी लिहिते, राणीचे माईकवर मीच बोलते. राणीने फक्त ओठ हलवायचे. नंतर लोक तिलाच सांगतात — "काय बोललात!"

बोलताना एकदा समोरचे चेहरे बघायचेत. एकदाच. कुणाला सांगणार?

१७ ऑगस्ट

बोलपट आले तेव्हा मॅबेलची चाळिशी उलटलेली. बोलली का ती? सापडत नाही.

१९ ऑगस्ट

तालीम. सासूबाई राणी, बाबूजी राजा. स्वप्नं पडायची राणीला, घोरतात बाबूजी! सासूबाईंचे ओठ माझ्या आवाजामागे धावतात. चिडल्या — "थूं धीरे बोल नी!" मला हसू आवरेना.

घरी आल्यावर त्यांना मॅबेल दाखवली. टक लावून बघत राहिल्या. "आ बापड़ी कदैई बोली?"

म्हटलं, कधी बोलली का, तेच शोधतेय.

२२ ऑगस्ट

सापडलं! एकच बोलपट. घरमालकिणीचं काम. दारात उभी राहून भाडेकरूला म्हणते — जेवून जा, तोवर बर्फ पडायचा थांबेल. बस, एवढंच. आवाज जाडसर, थकलेला. पण काय आवाज!

सासूबाईंना इंग्रजी कळत नाही. तरी डोळे मिटून ऐकलं. पुन्हा लावायला सांगितलं.

२४ ऑगस्ट

नाटक. पहिलं स्वप्न, हत्तीचं. मी माईकवर सुरुवात केली. पडद्याच्या फटीतून बघते तर सासूबाईंचे ओठ मिटलेले! विसरल्या? तेवढ्यात मुकुट सावरत उठल्या, पडदा सारला आणि माझा हात धरून भरल्या सभेत आणलं.

"राणी तो म्हैं हूं. पण बोलसी आ," माझ्याकडे बोट दाखवत त्या म्हणाल्या.

सगळे चेहरे समोर.

मी हत्तीपासून पुन्हा सुरुवात केली.