ऑपरेशनआधीचा पेढा

सोमवार, ३ फेब्रु.
हाफ डे टाकला. चिंचवडला डॉक्टरांकडे सगळी वरात गेली. सासरे म्हणजे आप्पा, नवरा सचिन, विकासभाऊजी, मी, आणि ज्यांच्यासाठी गेलो त्या सासूबाई. केबिनमध्ये खुर्च्या तीन. आप्पा बसले, दोन्ही मुलगे बसले, मी फाइल घेऊन उभी. सासूबाई बाहेर बाकावर. "तिला कशाला, घाबरंल उगा," इति आप्पा.

मेंदूतली गाठ डोळ्याच्या नसेवर दाबतेय. कॅन्सरची वाटत नाही. काढली नाही तर आधी डावा डोळा जाईल, मग उजवा. काढताना बोलणं जाऊ शकतं, उजवं अंग लुळं पडू शकतं. शक्यता कमी, पण आहे. हे ऐकून आप्पांनी विचारलं, घरी कधी सोडणार. भाऊजींनी विचारलं, पार्किंग आत आहे का. सचिनने मान हलवली. तो दुसरं काही हलवतच नाही. बारा तारीख ठरली.

बाहेर आल्यावर सासूबाईंनी विचारलं, काय म्हणाले. आप्पा म्हणाले, बारकी गाठ हाय, काढून टाकत्यात. संपलं. मीही काही बोलले नाही. डोक्यात सेकंड शिफ्टचं डिस्पॅच होतं, आणि चाकणला कंपनीत पोचेपर्यंत तळेगाव चौकात तासभर मेले.

बुधवार, ५
कंपनीतून आले तर ओट्यावर चपलांचा ढीग. "भेटायला" आलेत. ऑपरेशनआधी भेटून जायचं म्हणे, मागाहून राहून गेलं असं नको. माणूस समोर बसलेलं आणि बोलणं भूतकाळात. लई कष्ट केले वहिनीनं. लई सोसलं. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, पण ही म्हैस समोर बसून चहात साखर बरोबर आहे का विचारतेय.

कुरुळीच्या मामांनी त्यांच्या पाहुण्यातल्या एकाची गोष्ट सांगितली. डोकं उघडलं, बघितलं, परत शिवून टाकलं. मग दोन केळी खाल्ली. स्वतःच आणलेली.

शिसारी आली. मी कप विसळत होते, तेव्हा सासूबाई आत आल्या. "वैशाली, उघडून बघत्यात म्हंजी कसं गं?" मी म्हटलं, आई, त्यांचं काय मनावर घेता. तेवढ्यात बाहेर आणखी एक गाडी थांबली. पुन्हा आधण.

शुक्रवार, ७
आत्याबाई, म्हणजे आप्पांची बहीण, मुक्कामाला आल्या. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं. आल्या आल्या मुद्दा: सवाष्णीचं डोकं भादरायचं? आमच्या घराण्यात असलं झालं न्हाई. मग बैठक बसली. भाऊजींनी हॉस्पिटलला फोन लावला. पूर्ण नाही, कापायचं तेवढाच भाग काढतात. मग तो भाग पुढे की मागे, पदर घेतला तर झाकेल की नाही, यावर चर्चा.

सासूबाई तिथेच मेथी निवडत होत्या. एकानेही त्यांच्याकडे बघितलं नाही. मधेच खोल्यांवरचे दोन भाडेकरू पाण्यावरून भांडत आले. त्या उठल्या, दोन वाक्यांत दोघांना गप्प केलं, मोटर चालू केली आणि परत येऊन मेथीला बसल्या. त्यांचं डोकं मात्र भाऊजींच्या ताब्यात.

सचिनला म्हटलं, आईंना नीट सांगा कुणीतरी. म्हणाला, आप्पा बघतील.

रविवार, ९
आज कहर.

निघोजे फाट्यावर फ्लेक्स लागलाय. "मातोश्रींच्या शस्त्रक्रियेस हार्दिक शुभेच्छा." भाऊजी गॉगल लावून, हात जोडून, पुरुषभर उंच. सासूबाई वर कोपऱ्यात, पासपोर्टएवढ्या. फोटो माझ्याच मोबाइलमधला, चुलत नणंदेच्या लग्नातला. कशासाठी हवाय ते सांगून मागितला असता तर दिला नसता. खाली शुभेच्छुकांची रांग. त्यातल्या निम्म्यांना सासूबाईंचं नाव सांगता येणार नाही. फ्लेक्सवरही नाहीच आहे ते नाव. मातोश्री, बास.

भाऊजींना निवडणुकीत उभं राहायचंय. आईच्या मेंदूवर उभे राहा.

ओकारी येते या माणसांची. सचिन म्हणाला, जाऊ दे, प्रेमानं लावलाय.

मंगळ., ११
अ‍ॅडमिट केलं. निघताना गल्लीतल्या बायकांनी ओटी भरली, नारळ, तांदूळ, सगळं. पोर सासरी चालल्यासारखं. एक-दोघी रडल्याही. सासूबाईंचे डोळे कोरडे.

हॉस्पिटलात सही कर म्हणाले तिथे सासूबाईंनी सही केली. सिस्टरने बजावलं, रात्री दहानंतर काही खायचं नाही, पाणीसुद्धा नाही. पुन्हा पुन्हा बजावलं. सोबतीला एकच माणूस राहू शकतं. आत्याबाई हटून बसल्या, मीच राहणार. मी सासूबाईंची नखं कापली, बांगड्या काढून पिशवीत ठेवल्या. हात गार होते. काही तरी बोलायला हवं होतं. बरं वाटेल हां आई, असलं काहीतरी बोलले.

बुध., १२
ऑपरेशन झालं नाही.

भाऊजी पहाटे गावच्या देवाला अभिषेक घालून पेढ्यांचा डबा घेऊन आले होते. डबा आत्याबाईंकडे दिला. आम्ही पोचलो तेव्हा न्यायला व्हीलचेअर आली होती. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, सकाळपासून काही खाल्लं का. सासूबाई स्वच्छ म्हणाल्या, "व्हय. पेढं. दोन."

डॉक्टर थांबल्या. मग फोन, धावपळ. आज होणार नाही. पोटात काही असताना भूल दिली तर ते फुप्फुसात जाऊ शकतं.

मग सगळे आत्याबाईंवर तुटून पडले. सगळ्यात मोठा आवाज भाऊजींचा, ज्यांनी डबा आणला. आत्याबाई म्हणत होत्या, परसादानं कुठं उपास मोडतो का? त्यावर मीही बोलले. अडाणीपणाची हद्द झाली, असं तोंडावर बोलले. आप्पांनी बहिणीला सगळ्या वॉर्डासमोर काय काय सुनावलं ते लिहवत नाही.

गुरु., १३
सासूबाईंना कालच घरी आणलं. आत्याबाई पिशवी भरून गावी जायला निघालेल्या. मला म्हणाल्या, मी निस्ता डबा उशाशी ठिवला, कपाळाला लाव म्हनलं. तोंड धुऊन आले तर दोन पेढं कमी.

सासूबाई मागे पाण्याच्या टाकीपाशी होत्या. जाऊन विचारलं.

"मला म्हाईत हुतं," म्हणाल्या. "सिस्टरनं सांगितलं ते काय मला कळत न्हाई?"

"मग का खाल्ले?"

"आन काय हुतं माज्या हाताशी? डबाच हुता."

त्यांनी नळ बंद केला. म्हणाल्या, तू आत हुतीस ना त्या दिवशी. काय करनार हायेत माजं, ते सांग.

सांगितलं. टाकीच्या कट्ट्यावर बसून सगळं सांगितलं. डोळ्याचं, बोलण्याचं, उजव्या हाताचं. बहुतेक लोक नीट बाहेर येतात, तेही सांगितलं. त्या मधेमधे पुन्हा विचारत होत्या. उजवा हात म्हंजी जेवायचा? हो. आन न्हाई केलं तर कधीपतूर दिसंल? ते नक्की कुणी सांगत नाही, पण फार नाही. इतकं सोपं होतं सांगणं. दहा दिवस मी येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी चहा गाळत होते.

स्वतःचीही किळस आली आज. घरातल्या सगळ्यांना नावं ठेवते मी.

त्यांनी आत्याबाईंना जाऊ दिलं नाही. जेवताना सगळ्यांसमोर म्हणाल्या, "पेढं मी खाल्लं. समजून खाल्लं. हिला कुनी बोलू नका."

आप्पांचा घास हातात राहिला. मग भाऊजी सचिनकडे वळून, हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, गाठीमुळं होतं असं. नेटवर वाचलंय मी. स्वभाव बदलतो.

सचिनने मान हलवली. ताट त्याच्या अंगावर फेकावंसं वाटलं. बाईनं जन्मात एक गोष्ट स्वतःच्या मनानं केली, तर ती गाठीनं केली.

मंगळ., १८
परत केबिन. आज सासूबाई दारातून पहिल्या आत गेल्या आणि बसल्या. भाऊजी उभे. उभ्या उभ्या डॉक्टरांना सांगायला लागले, आईच्या वागण्यात फरक पडलाय. डॉक्टरांनी पेढ्याचं ऐकून घेतलं. मग सासूबाईंनाच विचारलं, तुम्हाला काय विचारायचंय?

खूप विचारलं त्यांनी. शेवटी म्हणाल्या, "मला बोलता आलं न्हाई, तर माज्या जागी कोन बोलनार?"

आप्पा, सचिन, भाऊजी, तिघंही एकदम म्हणाले, आमी हाय की.

"ते म्हाईत हाय," म्हणाल्या.

डॉक्टर म्हणाले, सव्वीसला जागा आहे. शुक्रवारपर्यंत हो की नाही कळवा. मात्र यांनी स्वतः सांगायला हवं, मला यांच्याच तोंडून ऐकायचंय. आणि याहून उशीर नको, उजव्या डोळ्यावरही दाब यायला लागलाय.

गाडीत मोशीपर्यंत फक्त हॉर्न.

गुरु., २०
लवकर आले आज. सासूबाईंनी अजून हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. मला एकटीलाही सांगत नाहीत. मीही उकरून काढत नाही.

दिवेलागणीला आप्पा ओट्यावर होते. मला थांबवलं. "तिचं काय ठरलंय?"

मी म्हटलं, त्यांनाच विचारा ना.

"कसं इचारायचं?"

मला वाटलं चिडून म्हणतायत. तोंडाकडे बघितलं तर नाही. खरंच विचारत होते. कंपनीला जमीन देताना गावाच्या वतीनं साहेबांशी भांडलेला माणूस. इतक्या वर्षांचा संसार. राग यावा की काय यावा कळेना.

म्हटलं, आप्पा, जायचं आणि विचारायचं.

ते उठले. चूळ भरली, टोपी नीट केली, दारापर्यंत गेले. आत सासूबाई ताट उजव्या डोळ्याजवळ धरून तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली. आप्पा म्हणाले, "मोटर बंद केली का?"

केली, म्हणाल्या.

आप्पा परत येऊन ओट्यावर बसले. मी कणीक मळली, पोळ्या झाल्या, ते तिथेच. आता पुन्हा उठलेत, दारात उभे आहेत.