मागच्या दारची खडी

गोडदेव, भाईंदर (पूर्व)
दि. ८ जानेवारी १९९५

ती. समाधानदादास,
धाकट्या वैजयंताचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं कार्ड मिळालं. आशावहिनीला सांग, तिने पाठवलेली ज्वारी मानसी-बंटीने नाकं मुरडत का होईना, खाल्ली. भाईंदरची पोरं ती, त्यांना पाव लागतो.

आता खरी बातमी. आमच्या तळमजल्याच्या मागे कंपाउंडपर्यंत चिखलाचा पट्टा होता ना, ज्याला तू डासांची शाळा म्हणाला होतास, त्याचा मी कायापालट केला. शेजारच्या हंसाबेनने तिच्या भावाच्या बंगल्यात पाहिलं होतं, तसंच. आधी चिखल उपसला, विटांचे तुकडे ठोकून बसवले, त्यावर दगडाचा भुगा म्हणजे कच आणि सगळ्यांत वर बारीक खडी. आता पाणी खाली जिरतं, पाय भरत नाहीत. जवळच्या राई गावच्या टेम्पोवाल्याने काळे दगडही आणून दिले. कंपाउंडला लागून छातीइतका बांध रचला, वर कुंड्या ठेवल्या आणि पुढे बसायला ओटा केला, आपल्या गावच्या घरापुढे होता तसा. गार्डन झालं म्हणून हंसाबेन सगळ्या बिल्डिंगला सांगत फिरते आहे.

हे सगळं तात्यांसाठी केलं रे. भूकंपात माय गेली आणि आपण त्यांना इकडे आणलं, त्याला वर्ष उलटलं. तरी अजून पाहुण्यासारखे दाराशीच अंथरूण टाकतात. वाटलं, गावच्यासारखा ओटा दिसला की जीव रमेल. पण परवा ओटा पाहिला आणि त्यांचा चेहराच उतरला. मागचं दार लावून घेतलं, जेवले नाहीत. सकाळी म्हणाले, मला समाधानाकडे धाड, त्याच्याजवळ पत्र्याखाली राहीन. पोरापेक्षा बापाचा हट्ट मोठा. मला फार लागलं, दादा. माझं काय चुकलं, ते तरी कळव.

आहे तो लोभ आटू देऊ नकोस.
तुझी वैजू

---

शेड वस्ती, ता. औसा, जि. लातूर
दि. १७ जानेवारी १९९५

चि. वैजूस,
अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

तुझं काही चुकलं नाही. तुला एक गोष्ट ठाऊक नाही, कारण ती सांगू नको असं तात्यांनीच मला बजावलं होतं. आता झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

आपलं घर आधी तुराट्यांच्या कुडाचं, काटक्या-मातीचं होतं, तुला आठवत असेल. वस्तीतलं पहिलं दगडी घर तात्यांचं. ओढ्यातले दगड त्यांनी डोक्यावर वाहिले, भिंत स्वतःच्या हाताने रचली. आपल्या माणसांनी कुडात किती दिवस राहायचं, हा एकच ध्यास होता. भूकंपाच्या आदल्या दिवशी ते आणि मी राखणीला शेतात निघालो, तेव्हा माय म्हणत होती की जमीन गुरगुरतेय, मी अंगणात झोपते. तात्या हसले. म्हणाले, भिंत मी रचलीय, तिला काय होतंय, बाहेर दव पडतं, आत नीज. पहाटे काय झालं ते तुला माहीत आहे. दगड तात्यांनी आणि मी उपसले. शेजारची कुडाची घरं उभीच होती.

ते दाराशी झोपतात ते पाहुणे म्हणून नव्हे, वैजू. वेळ आली तर तुझ्या पोरांना चटकन बाहेर काढता यावं म्हणून. इथे आम्ही पत्र्याखालीसुद्धा दार उघडं टाकून झोपतो. तुझी वहिनी मला भित्रा म्हणते आणि स्वतःचं अंथरूण माझ्याही पुढे, दाराला चिकटून टाकते.

तो बांध काढून टाक. वाद घालू नकोस. आपल्या वस्तीतला ट्रकवाला नाथा पुढच्या महिन्यात माल घेऊन तुमच्याकडे वाशीच्या बाजारात येतोय. तात्यांचा हट्ट तसाच राहिला तर परतीच्या ट्रकमध्ये बसव. पण इथे आले तर ते रोज उठून आपल्या घराच्या ढिगाऱ्यावर जाऊन बसतील. त्यात ते फार दिवस टिकतील असं मला वाटत नाही. म्हणून जमेल तितकं धरून ठेव.

पोरांना गोड पापा. मनात काही आणू नकोस.
तुझा दादा, समाधान

---

गोडदेव, भाईंदर (पूर्व)
दि. ३० जानेवारी १९९५

ती. दादास,
सप्रेम जयभीम.

पत्र वाचलं आणि आधी तात्यांचा रागच आला, खोटं कशाला बोलू? माय बाहेर झोपली असती तर आज असती, हेच डोक्यात घण घालत राहिलं. दिवसभर त्यांच्याशी बोलले नाही. संध्याकाळी पाहते तर कपाटाजवळ टाकलेलं मानसीचं अंथरूण ते ओढून दाराच्या वाटेवर आणत होते. राग तिथेच गेला. रडले मात्र खूप.

रविवारी घमेलं घेऊन बांध उतरवायला बसले. आवाज ऐकून तात्या मागच्या दारात आले. मी सांगून टाकलं की दादाने सगळं कळवलंय, आणि मायने तुमच्यावर राग धरला नसता.  त्यांनी माझ्या हातातला दगड काढून घेतला. म्हणाले, टाकू नको, दगडाचा दोष न्हाई, आपण त्याला डोक्याच्या वर नेला. मग बांध आणि ओटा दोन्ही आम्ही मिळून मोडले. खडी बाजूला सारून एकेक दगड जमिनीत आडवा बसवला, दारापासून कंपाउंडजवळच्या शेवग्याच्या झाडापर्यंत पायवाट केली. घोट्याच्या वर एकही दगड ठेवला नाही त्यांनी. हंसाबेनला वाटलं, बापलेकीने भांडून गार्डन मोडलं. ती समजूत काढायला ढोकळा घेऊन आली. तात्यांनी दोनदा मागून घेतला.

आता ते खडीवर खुर्ची टाकून बसतात. खडी वाजली की कोण आलं ते न बघता सांगतात. निजतात अजून दाराशीच. निजू देत.

पायवाटेत दाराबाहेर एका दगडाची जागा त्यांनी मोकळी सोडली आहे. कशाला, असं विचारलं तर समाधानाला सांगतो म्हणाले. खाली त्यांनी सांगितलेलं मानसीने जसंच्या तसं लिहिलं आहे.

वहिनीला नमस्कार. माया आहे तशीच राहू दे.
तुझी वैजू

समाधाना, जयभीम. मला न्यायला नाथाला सांगू नको. मी हितंच हाय. त्याच्या गाडीत आपल्या उंबऱ्याचा दगड घालून धाड. तुझी माय सांजच्याला त्याच्यावर बसून डाळ निवडायची. एका अंगानं गुळगुळीत झालाय, तू वळखशील. ती बाजू वर ठेवीन. दाराच्या भाईर जागा केलीय. तिला भाईर निजायचं व्हतं.
तुझा बाप, तात्याराव