सासूबाईंनी विंचचा खांब वीतभर पुढे घेतला, त्याची हकीकत

प्रिय मेहुणे तेओफिलो यांस,

कोरिएन्तेसच्या उन्हातून एवारिस्तोचा रोसारिओच्या सावलीला नमस्कार. तुमची तब्येत, वहिनींचा गुडघा आणि धाकटीची परीक्षा, तिन्ही ठीक असोत. इकडे ग्रासियाना (तुमची बहीण, आणि गेली चौतीस वर्षं माझी एकमेव नियमित श्रोती) मजेत आहे. मला डॉक्टरांनी मीठ आणि राजकारण दोन्ही कमी करायला सांगितलंय. मीठ कमी केलंय.

तुमचं चार ओळींचं पत्र मिळालं. सुरुबी मासे धरायच्या स्पर्धेला यंदा आईने जायचं नाही, गेल्या वर्षी नदीच्या उतारावर बोट ट्रेलरवर ओढून घेताना तिच्या हातून विंचचं हँडल सुटलं आणि बोट मागे घसरून पाण्यात गेली, ते पुरे झालं, आणि बाबांचा तो जुना ट्रेलर भंगारात द्यावा, असं आपण लिहिलंत. सासरे गेल्यापासून बोटीचे कागद तुमच्या नावावर, तुमच्या लेखी परवानगीशिवाय नदीचे पहारेकरी ती बोट किनारा सोडून नदीत पुढे जाऊ देत नाहीत. त्यामुळे चार ओळी पुरतात हे खरं. माझी चूक एवढीच झाली, की ते पत्र मी जेवणघरात मोठ्याने वाचलं. (मी सगळंच मोठ्याने वाचतो. औषधाच्या बाटलीवरचं लेबलसुद्धा.) सासूबाई चिपाचे, म्हणजे त्या चीजच्या पावांचे, गोळे वळत होत्या. पुढचा गोळा नारळाएवढा झाला.

तेओफिलो, बंदर कामगारांच्या सभांतून मी तीस वर्षं सांगत आलो, की अपघात झाला की मालक आधी कामगाराचा हात तपासतो आणि यंत्र नंतर, तेही तपासलं तर. ते भाषण तुम्ही दोनदा ऐकलंय. (दुसऱ्यांदा तुम्ही मधेच उठून गेलात, पण ते दाराबाहेरही ऐकू येतं.) ज्या बाईने चाळीस वर्षं ते हँडल फिरवलं, नवरा बोटीत उभा राहून ‘जरा डावीकडे, पेत्रोना, जरा उजवीकडे’ म्हणत असताना फिरवलं, तिच्या हातून ते सुटलं असं आपण सगळ्यांनी एका दुपारीत ठरवून टाकलं. मीही ठरवलं होतं. त्याची लाज वाटते म्हणून हे पत्र लांबणार आहे.

सोमवारी सकाळी पाहतो तर शहात्तर वर्षांच्या आपल्या मातोश्री पुठ्ठा अंथरून ट्रेलरखाली उताण्या पडलेल्या. नुसत्या चपला बाहेर. मी वाकून म्हटलं, ‘‘आई, तरफेच्या तत्त्वावर वाचनालयात एक उत्तम ग्रंथ आहे, आणतो.’’ खालून आवाज आला, ‘‘सतरा नंबरचा पाना आण.’’ आणला. तो सतराचा नव्हता. हे त्यांनी मला ज्या शब्दांत सांगितलं ते शब्द तुमच्या लहानपणी त्या घरात बोलू देत नसत.

आता ट्रेलरचं दुखणं ऐका. सासऱ्यांनी तो चौऱ्याहत्तर साली स्वतः जोडला, त्यांच्या लाकडी होडीच्या मापाने. पुढे ही अॅल्युमिनियमची बोट आली, होडीपेक्षा तब्बल दोन वीत जास्त लांब. पण ज्या खांबावर विंच बसवलाय तो होता तिथेच राहिला, कारण तो बाबांनी उभा केलेला. मग बोटीचं नाक खांबावरच्या रबरी रुळाला आधीच टेकायचं आणि ढुंगण, मोटारीसकट, मागे लोंबायचं. सगळा भार मागे, गाडी उलाळ! पुढचा दांडा गाडीच्या आकड्यावर बसायचं सोडून वर उचलायला बघायचा, आणि रस्त्यावर ट्रेलर पाठीमागे असा झुलायचा की जणू लग्नातून परततोय. शिवाय विंच बसवलेला खाली. त्याचा पट्टा बोटीला पुढे ओढायच्या ऐवजी तिचं नाक खाली दाबायचा. म्हणजे निम्मी ताकद ओढायला आणि निम्मी भांडायला. सासूबाई म्हणाल्या, ‘‘वीस वर्षं माहीत होतं मला.’’ मी विचारलं, मग बोलला का नाहीत? म्हणाल्या, ‘‘बोटीत उभ्या माणसाला खालचं ऐकू येत नाही.’’ मी अनेक जाहीरनामे वाचले आहेत; इतका आटोपशीर एकही नव्हता.

खांबाचे बोल्ट गंजून दगड झाले होते. सासूबाईंनी त्यांना दिवसभर रॉकेल पाजलं. मंगळवारी मी जोर लावला, बोल्ट हलला नाही, माझी पाठ हलली. त्यांनी बोल्टवर चारी बाजूंनी हातोडीने हलके हलके ठोके दिले, डॉक्टर छाती ठोकतो तसे, आणि तिसऱ्या फेरीला तो निमूट फिरला. खांब वीतभर पुढे घेतला. विंच दोन भोकं वर चढवला, म्हणजे पट्टा आता सरळ जातो आणि बोटीची कडी बरोब्बर रुळाच्या खाली येऊन बसते. मग पुढच्या दांड्याखाली गुरांच्या पेंडीच्या दुकानातला काटा ठेवून वजन केलं. आधी वीस किलो भरत होतं, आता साठ. मला वाटलं जास्त झालं. त्या म्हणाल्या, ‘‘दांडा जड हवा, जावई हलका.’’ (ग्रासियाना हसली. मी नोंद घेतली.)

बुधवारी तीच बोट घेऊन आम्ही नदीच्या उतारावर गेलो, भर दुपारी, सगळं गाव झोपलेलं असताना, कारण फजिती झाली तर पाराना नदीशिवाय कुणी बघायला नको. जागा होता फक्त पहाऱ्यावरचा शिपाई, तोही एका डोळ्याने. बोट पाण्यात सोडली आणि परत ओढायला हँडल माझ्या हाती दिलं. मी फिरवू लागलो. बोट अशी वर आली, तेओफिलो, की मला माझ्याच दंडांचं कौतुक वाटलं. तेवढ्यात सासूबाई ओरडल्या, ‘‘थांब! सोडू नकोस! टकटक कुठाय?’’ मी म्हटलं, कसली टकटक? ‘‘अरे, विंच बोलतो. दर दाताला खिट्टी पडते, टक करते. ही नुसती पुटपुटतेय.’’ खरंच पुटपुटत होती. मी दोन्ही हातांनी हँडल धरून उभा, घाम नाकावरून गळतोय, आणि त्या चष्मा लावून विंचमध्ये डोकावतायत. शिपायाने दुसराही डोळा उघडला.

खिट्टीच्या मुळाशी लाल फिती निघाल्या. आपल्या रस्त्यावरच्या संताच्या, गौचितोच्या नवसाच्या! दर जानेवारीत आपल्यापैकी कुणी ना कुणी रस्त्याकडेच्या देवळीवरून फीत आणतो आणि प्रवासाला यश म्हणून ट्रेलरला बांधतो. आणि ट्रेलरला बांधायला हाताशी येईल अशी जागा एकच, विंच. सात फिती. उन्हापावसाने घट्ट होऊन त्यांची गादी झाली होती, आणि खिट्टी दातात पूर्ण उतरतच नव्हती. गेल्या वर्षी हात सुटला नव्हता. ताण आल्यावर खिट्टीच दातावरून निसटली होती, आणि हँडल उलटं गरगरत त्यांच्या मनगटावर बसलं होतं. आपण मलम आणून दिलं आणि दोष तिथेच ठेवला.

माझी मतं तुम्हाला ठाऊक आहेत. बोट बांधून चाकांखाली दगड सारताच मी अंधश्रद्धेवर बोलायला तोंड उघडलं, खिशातून सुरीही काढली. सासूबाई म्हणाल्या, ‘‘सुरी ठेव, तोंड मीट.’’ मग त्या उतारावरच बसल्या आणि विणायच्या सुईने एकेक गाठ सोडवू लागल्या. सातही फिती अखंड निघाल्या. एक तास गेला. ‘‘संताचं काही चुकलं नाही,’’ म्हणाल्या, ‘‘त्याला गळ्यात घालायचा, दातात नाही कोंबायचा.’’ आणि ट्रेलरच्या पुढच्या दांड्यावर, जिथे काहीच फिरत नाही, सगळ्या फिती ओळीने बांधल्या. मी ईश्वर मानत नाही, पण ही मांडणी मला मान्य आहे.

(सर्वांत वरची, सर्वांत नवी फीत गेल्या वर्षीच्या जानेवारीतली, म्हणजे अपघाताआधीचीच होती. तिच्यावर शाईने नाव लिहिलं होतं. रोसारिओहून येताना कुणीतरी भक्तिभावाने आणलेली. ‘हे पत्रात लिहायचं नाही’ अशी मला सक्त ताकीद आहे, म्हणून मी नाव लिहीत नाही. ‘ते’ या अक्षराने सुरू होतं.)

मग पुन्हा बोट पाण्यात, आणि या वेळी हँडल त्यांच्या हाती. टक, टक, टक, टक. अर्ध्या उतारावर, बोट पट्ट्याला लटकलेली असताना, त्यांनी हँडल सोडलं. दोन्ही हात वर केले आणि शिपायाकडे तोंड करून तशाच उभ्या राहिल्या. बोट तसूभर हलली नाही. मी मोर्चे पाहिलेत, बंद पाहिलेत, चाळीस हजार माणसं एका शब्दावर उठताना पाहिलीत. त्या दोन रिकाम्या हातांसमोर मी डोक्यावरची टोपी काढली. शिपाई म्हणाला, ‘‘दोन्या पेत्रोना, गेल्या वर्षी मी वहीत अपघाताच्या कारणापुढे चुकीने तुमचं नाव लिहिलं.’’ त्या म्हणाल्या, ‘‘खोड मग.’’

वहिनींना नमस्कार, लेकरांना गोड पापा.

तुमचा,
एवारिस्तो सालासार

ता. क. : लांबण लावली ती एका सहीसाठी. परवानगीचा कागद सोबत जोडलाय. स्पर्धा पुढच्या आठवड्यात, शनिवारी. नियमाप्रमाणे बोटीत तिघं: सासूबाई, ग्रासियाना आणि मी. सही करा आणि उलट टपाली पाठवा.

ता. क. दुसरा : सासूबाईंना पत्र वाचून दाखवलं. म्हणाल्या, सही नको. बोटीचा मालक स्वतः बोटीत असला तर परवानगी कुणाची घ्यायची? तुम्ही त्या आठवड्यातल्या गुरुवारच्या बसने यावं. मी विचारलं, मग तिसरा मी, माझं काय? म्हणाल्या, ‘‘तू किनाऱ्यावर बोल. पाण्यावर बोललास की सुरुबी तळाला जातात.’’ ग्रासियानाने अनुमोदन दिलं. ठराव दोन विरुद्ध एक मताने मंजूर.

ता. क. शेवटचा, हा त्यांना वाचून दाखवलेला नाही : नुसती सही पाठवलीत तर माझी जागा शाबूत राहते, असं इथे लिहिलं होतं, खोडलंय. या तुम्ही. त्यांनी सकाळीच तुमचे जुने रबरी बूट धुऊन कुंपणावर वाळत घातलेत. मला ते होत नाहीत. घालून पाहिले.