सई तलाव

१२ नोव्हेंबर १९९४

खांदेश्वरला राहायला आलो एकदाचे! परळच्या खोलीत तिघांना पाय पसरता येत नव्हते. इथे सईला धावायला अख्खी गॅलरी. जयमालाने शकुन म्हणून दूध उतू जाऊ दिलं. सोसायटीत अजून रंगाचा वास आहे.

२० नोव्हेंबर, रविवार

नव्या वसाहतीसाठी डोंगरातल्या पाण्याचे नकाशे करायचे, हे माझं काम. आज मायलेकीही आल्या. नावड्यापर्यंत जीप, पुढे पायी चढण. काळ्या कातळात तळं, आंब्याच्या कोयीसारखं लांबट. पूर्वेला झरा, पश्चिमेला लव्हाळी, पाणी गोड. नाव मात्र नाही; गावातले नुसतं ‘वरचं पानी’ म्हणतात.

नकाशाला नाव हवंच. सई म्हणाली, “बाबा, माझं लिहा ना!” शाईने ‘सई तलाव’ लिहिलं. पोरगी नाचली.

वाट दाखवायला आलेल्या शकुबाईचा चेहरा उतरला. “साहेब, पान्याला मानसाचा नाव देव नका. पानी नाव ठेवून घेतं, मानूस सोरून देतं.”

मी हसलो.

२५ नोव्हेंबर

सई हाकेला ओ देत नाही. शाळेत हजेरीलाही गप्प. डॉक्टर म्हणतात, कान उत्तम आहेत. ‘बाळा’ म्हटलं की वळते. सकाळी विचारलं, “बाबा, माझं नाव काय?” सांगितलं. पुन्हा विचारलं. सांगितलं. पुन्हा—

२७ नोव्हेंबर

तिला घेऊन वर गेलो. काठावरून ओरडलो, “सई!” ती माझं बोट धरून तशीच उभी. पाणी हललं. वारा नव्हता. काठ सोडून माझ्या बुटांपर्यंत आलं—

२८ नोव्हेंबर

जयमालाने दोनच ताटं वाढली. सईचं कुठंय, विचारलं.

“अहो, सई म्हणजे तुमचा तो तलाव ना?”

पोर शेजारीच. भूक लागली म्हणाली. दोनदा. जयमालाला ऐकूच गेलं नाही.

२९ नोव्हेंबर

ऑफिसात ब्लेडने नकाशावरचं नाव खरवडलं. रेघसुद्धा ठेवली नाही. आता तिचं तिला परत मिळेल. मिळायलाच—

३० नोव्हेंबर

दारात एक मुलगी. पाठीला दप्तर. रडते, मला बाबा म्हणते. जयमाला म्हणाली, चुकलेली असेल कुणाची, वॉचमनला बोलवा. आम्हाला मूल नाही. तरी हिची हनुवटी— नाव विचारलं. सांगता येईना.

बाजीराव वॉचमन दंडाला धरून तिला फाटकाबाहेर नेतोय. वळून वर बघतेय. हाक मारायला हवी. ओठांवर आहे, काय ते—